बोगद्याच्या तोंडाशी वसलेले बडोग

कालक्याहून निघालेली छोटी गाडी सिमल्याची वाट चढू लागली की, पहिल्या दोन तासांतच प्रवाशाला वळणांची सवय होऊन जाते. डोंगर घटकेत डाव्या हाताला असतो, तर घटकेत उजव्या. एखाद्या वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन खिडकीतून समोर दिसते आणि मुले हर्षाने ओरडतात. बोगदे तर एकामागून एक इतके येतात की, ते मोजण्याचा उत्साह हळूहळू मावळतो. मात्र कुमारहट्टीचे स्टेशन मागे पडल्यावर जो बोगदा येतो, तो साऱ्यांना पुन्हा सावध करतो. अंधार पडतो तो काही केल्या संपत नाही. चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून दुप्पट होतो, गार वारा अंगावर येतो, आणि बोलणारी माणसे आपोआप गप्प होतात. अशी जवळजवळ तीन मिनिटे जातात. मग पुढे उजेड फुटतो, गाडीचा वेग मंदावतो, आणि बोगद्यातून बाहेर पडते न पडते तोच ती एका लहानशा फलाटाला लागते. फलाटावरील पाटीवर नाव असते, ‘बडोग’.

हिमाचल प्रदेशाच्या सोलन जिल्ह्यातील हे स्टेशन. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १५३० मीटर, आणि कालक्यापासूनचे अंतर सुमारे ४२ किलोमीटर. बाजारपेठेचे सोलन येथून लोहमार्गाने अवघ्या चार किलोमीटरांवर आहे. बडोगला मोठा बाजार नाही, कारखाना नाही, की एखादे प्रसिद्ध तीर्थक्षेत्रही नाही. तरीही या मार्गावरून एकदा गेलेला माणूस बाकीची स्टेशने विसरला, तरी बडोग विसरत नाही. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे असेल, तर फलाटाच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या दगडी कमानीकडेच प्रथम वळले पाहिजे. कारण बडोगच्या बाबतीत आधी स्टेशन आणि मग बोगदा असा क्रम नाही. आधी बोगदा, आणि त्याच्यापाठोपाठ, त्याच्यामुळेच, स्टेशन असा आहे.

डोंगरावर चढलेली आगगाडी

इंग्रजी अमदानीत १८६४ पासून सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. उन्हाळा आला की कचेऱ्या, दप्तरे, अधिकारी आणि कारकून यांचा सारा लवाजमा डोंगर चढून वर जावयाचा आणि थंडीच्या आरंभी पुन्हा खाली उतरावयाचा. ही सारी वाहतूक घोड्यांचे टांगे व बैलगाड्या यांच्यावर चाले. १८९१ साली दिल्ली-अंबाला-कालका रेल्वे डोंगराच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे कालक्यापर्यंत, येऊन पोहोचली. त्यानंतर पुढचा चढही आगगाडीनेच चढावा, या जुन्या कल्पनेला जोर आला. १८९८ साली करार झाला, काम सुरू झाले, आणि ९ नोव्हेंबर १९०३ रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला.

काम मोठे अवघड होते. कालका सुमारे ६५६ मीटर उंचीवर, तर सिमला सुमारे २०७६ मीटर उंचीवर. हा चढ सुमारे ९६ किलोमीटरांत चढून जावयाचा होता. ज्या चढावर तेहतीस मीटर पुढे गेले असता एक मीटर वर चढावे लागते, असा चढ आगगाडीच्या दृष्टीने भारीच समजला जातो. तो येथे अनेक ठिकाणी आहे. वळणांची संख्या नऊशेंवर आणि पुलांची आठशेंवर आहे. त्या पुलांपैकी बहुतेक पूल पोलादी नसून दगडी कमानींचे आहेत. दरी खोल असेल तेथे कमानींवर कमानी रचून तीन-तीन, चार-चार मजल्यांचे पूल उभारण्यात आले. कनोह स्टेशनाजवळचा चार मजली पूल पाहताना, प्राचीन रोममध्ये पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या कमानींच्या चित्रांची आठवण होते. बोगद्यांना क्रमांक देण्यात आले ते १०३ पर्यंत. त्यांपैकी १०२ आज वापरात आहेत.

रुळांमधील अंतर किती ठेवावयाचे, यावरही बराच खल झाला. मूळ विचार ६१० मिलिमीटरांचा, म्हणजे दोन फुटांचा, होता. आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचे, जी १९०७ साली सुरू झाली, माप हेच आहे. परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी दोन फूट सहा इंचांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा, आग्रह धरला आणि अखेर तेच माप कायम झाले. आरंभीचा खर्चाचा अंदाज सुमारे ८७ लक्ष रुपयांचा होता. प्रत्यक्षात खर्च त्याच्या दुपटीच्या घरात गेला. रेल्वे कंपनीला हा भार पेलवेना, तेव्हा १९०६ च्या आरंभी सरकारने हा मार्ग विकत घेतला.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला घाटातील आगगाडी नवी नाही. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा, सरळ चढ चढणे अशक्य म्हणून, घाटाच्या मध्यावर गाडीची दिशाच उलट करावी लागत असे. ती व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती. डोंगराशी सामना करण्याच्या युक्त्या थोड्याच आहेत. त्याला वळसा घालावयाचा, उलटसुलट दिशेने त्याच्या अंगावर चढावयाचे, नाही तर त्याच्या पोटातून आरपार जावयाचे. कालका-सिमला मार्गाच्या आखणीकारांनी शक्य तेथवर पहिला उपाय योजला. कुमारहट्टीच्या पुढे मात्र डोंगराची जी सोंड आडवी आली, तिला वळसा घालण्यात अर्थ नव्हता. तेथे तिसराच उपाय योजणे भाग पडले.

एका चुकीची कथा

या ठिकाणी डोंगर फोडण्याचे काम ज्या अभियंत्याकडे सोपविण्यात आले, त्याचे नाव कर्नल बॅरोग असे सांगतात. त्याची कथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या कर्णोपकर्णी चालत आली आहे. प्रवाशांना ती स्टेशनमास्तर सांगतो, फलाटावरचा चहावाला सांगतो, आणि गाडीतील शेजारचा उतारूही सांगतो. प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी तिच्यात थोडाफार फरक पडतो; परंतु तिचा गाभा एकच आहे.

बोगदा लवकर पुरा व्हावा म्हणून बॅरोगने डोंगराच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी खोदण्यास प्रारंभ केला. कुमारहट्टीकडून एक तुकडी आणि सोलनकडून दुसरी, अशा मजुरांच्या दोन तुकड्या एकमेकींच्या दिशेने पुढे सरकू लागल्या. हिशेबाप्रमाणे ज्या दिवशी त्या एकमेकींना भेटावयाच्या, तो दिवस उजाडला आणि मावळला; परंतु पलीकडच्या पहारींचा आवाज काही येईना. आणखी खोदण्यात आले, तरीही भेट होईना. अखेर ध्यानात आले की आखणी चुकली आहे. दोन्ही बोगदे डोंगराच्या पोटात एकमेकांना चुकवून निघून गेले होते. महिन्यांची मेहनत आणि सरकारचा पैसा वाया गेला. सरकारने त्याला दंड केला, तो अवघा एक रुपया! दंडाची रक्कम नाममात्र असली तरी तिच्यामागची नामुष्की त्या मानी गृहस्थाला सोसवली नाही. एके दिवशी आपल्या कुत्र्याला बरोबर घेऊन तो फिरावयास गेला, आणि त्या अर्धवट बोगद्यापाशी त्याने आपल्या हाताने आपले जीवन संपविले. तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली, असे कथा सांगते.

पुढे मुख्य अभियंता हॅरिंग्टन याने हे काम हाती घेतले. जुनी जागा सोडून सुमारे एक किलोमीटर अंतरावर त्याने नवीन बोगद्याची आखणी केली. हाच आजचा ३३ क्रमांकाचा बोगदा. त्याची लांबी ११४३ मीटरांहून थोडी अधिक असून, या मार्गावरील तो सर्वांत लांब बोगदा होय. विशेष हे की, असंख्य वळणांच्या या मार्गावर तो मात्र सरळ आहे. सोडून दिलेला जुना बोगदा गावकरी आजही जिज्ञासूंना दाखवितात. त्यात पाणी झिरपत असते आणि त्याचे तोंड झाडीत दडलेले आहे.

सामान्य वाचकाला प्रश्न पडेल की, एवढी मोठी चूक व्हावीच कशी? परंतु थोडा हिशेब केला की नवल वाटेनासे होते. बोगदा दोन्ही बाजूंनी खोदावयाचा तर प्रत्येक तुकडीच्या वाट्याला सुमारे ५७० मीटर येतात. डोंगराच्या आत ना सूर्य दिसतो, ना शिखर. बाहेर दुर्बिणीच्या यंत्राने आखलेली मध्यरेषा ओळंब्यांच्या साहाय्याने हात-हात आत न्यावी लागते. त्या रेषेत केवळ एका अंशाचा फरक पडला, तर ५७० मीटरांच्या अखेरीस बोगद्याचे टोक जवळजवळ दहा मीटर बाजूला सरकते. या छोट्या गाडीच्या बोगद्याच्या रुंदीच्या मानाने हे अंतर कितीतरी अधिक आहे. त्यातून दोन्ही तुकड्यांच्या चुका विरुद्ध दिशांना पडल्या, तर फरक दुप्पट होतो. जी चूक कागदावर डोळ्यांना दिसतही नाही, ती डोंगराच्या पोटात सारे काम मातीमोल करू शकते. खडकही येथे एकसंध नाही. तो भेगाळलेला वालुकाश्म असून त्यातून पाणी पाझरते. अशा खडकात सुरुंग लावणे, मलबा बाहेर काढणे आणि लगोलग दगडी अस्तर बांधून छत धरून ठेवणे, हे काम किती जोखमीचे असेल, याची कल्पना घरबसल्या येणे कठीण आहे.

मेंढपाळाची काठी

हॅरिंग्टनची कथा भलकूच्या नावावाचून पुरी होत नाही. हा भलकू चैलजवळच्या झाझा नावाच्या खेड्यातला. त्याला अक्षरओळख नव्हती. परंतु त्या डोंगरांची नस आणि नस त्याला ठाऊक होती. तो आपल्या काठीने खडकावर ठोके द्यावयाचा, कान लावून आवाज ऐकावयाचा, आणि ‘येथे खणा’ म्हणून खूण करावयाचा, असे सांगतात. अभियंते त्याच्यामागून खुणा करीत जावयाचे. या मार्गावरील आणखी कित्येक बोगद्यांच्या आखणीत त्याचे साह्य झाले, अशी त्या भागातील लोकांची दृढ श्रद्धा आहे. सिमल्याच्या रेल्वे संग्रहालयाला बाबा भलकूचेच नाव देण्यात आले आहे.

काठीच्या ठोक्याने बोगद्याची दिशा कळते की नाही, याचा निर्णय शास्त्रज्ञांनी करावा. पोकळ आणि भरीव खडकाचा आवाज वेगळा येतो, हे मात्र आपल्याकडील विहीर खणणारा पाथरवटही जाणतो. ज्याने आयुष्यभर मेंढरांमागे हे डोंगर तुडविले, त्याला कोणत्या घळीतून पाणी फुटते आणि कोणता कडा पावसाळ्यात ढासळतो, याची माहिती असणारच. ही माहिती नकाशात नव्हती. यंत्राने मोजणारे डोळे आणि अनुभवाने ओळखणारा हात यांची गाठ पडल्यावाचून असली कामे तडीस जात नाहीत, एवढे तात्पर्य या कथेतून घेण्यास हरकत नाही.

येथे आणखी एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. बॅरोगचे नाव राहिले, हॅरिंग्टनचे राहिले, भलकूचेही राहिले. परंतु पहारीने खडक फोडणारे, पाटीने दगड वाहणारे आणि धुराने कोंदलेल्या अंधारात उभे राहून अस्तराचे दगड बसविणारे जे असंख्य हात होते, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याच कथेत येत नाही. त्यांची आठवण म्हणून बोगद्याच्या भिंतीच तेवढ्या उरल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षे त्या डोंगराचा भार पेलून उभ्या आहेत.

इमारतीची शोभा

आता स्टेशनाच्या इमारतीकडे वळू. प्रथमदर्शनी ती परीकथेतील घरासारखी भासते. उतरते तांबडे छप्पर, दगडी भिंती, लाकडी चौकटींच्या खिडक्या, आणि भोवती चीड व ओक वृक्षांची दाट झाडी. स्कॉटलंडमधील डोंगराळ गावांच्या घरांशी तिचे साम्य असल्याचे सांगतात. आपल्या मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे आपल्या घराची प्रतिकृती उभी केली असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु बारकाईने पाहिले असता ध्यानात येते की, या शोभेतील बहुतेक गोष्टी गरजेपोटी आलेल्या आहेत. छप्पर उतरते आहे, कारण या डोंगरात पावसाळा मुसळधार असतो आणि थंडीत कधी कधी बर्फही पडते. सपाट गच्चीवर ते साचून राहिले असते. भिंती दगडाच्या आहेत, कारण दगड येथलाच आहे आणि तो थंडी आत शिरू देत नाही. इमारत लांबट आणि अरुंद आहे, खोल्या एकापुढे एक ओळीने मांडलेल्या आहेत, कारण जागाच मुळी तशी आहे. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मध्ये डोंगर कापून काढलेली चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत रूळ, फलाट आणि इमारत यांनी दाटीवाटीने राहावयाचे. मैदानातील स्टेशनाप्रमाणे ऐसपैस अंगण आणि टांग्यांचा तळ येथे असू शकत नाही. ज्या गवंड्याला आणि सुताराला जागेचे असे बंधन असते, तो एकही हात जागा वाया घालवीत नाही. बडोगचे सौंदर्य या काटकसरीतून आले आहे.

स्टेशनाला लागूनच प्रवाशांसाठी विश्रांतीच्या खोल्या आहेत. पहाटे उठून ओसरीवर उभे राहिले असता, आकाश निरभ्र असेल तर, दूरवर चूडधारचे शिखर दिसते. त्याची उंची सुमारे ३६४७ मीटर असून त्या बाजूच्या डोंगरांत ते सर्वांत उंच होय.

येथेच थांबा का?

गाव लहान असताना गाडी येथे हटकून का थांबते, हे जाणून घेण्यासारखे आहे. हा मार्ग एकेरी आहे. वर जाणारी आणि खाली येणारी, दोन्ही गाड्यांना एकच रूळ. म्हणून ठरावीक अंतरावर अशी जागा हवी की जेथे एक गाडी बाजूच्या रुळावर उभी राहील आणि दुसरी पुढे निघून जाईल. बोगद्यात तर दोन गाड्यांची समोरासमोर गाठ पडणे म्हणजे महान अनर्थच. तो टाळण्यासाठी या मार्गावर पिढ्यान्‌पिढ्या गोळ्याची पद्धत वापरण्यात आली. लागोपाठच्या दोन स्टेशनांवर विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे असतात. त्यांमध्ये धातूचे गोळे ठेवलेले असतात. दोन्ही स्टेशनमास्तरांची संमती झाल्यावाचून गोळा बाहेर निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघू शकत नाही. हा गोळा हातात आल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हलवावयाची नाही. याचा अर्थ असा की, ज्याच्यापाशी गोळा, त्याचीच वाट मोकळी. माणसाकडून विसर पडला तरी यंत्र विसरू देत नाही. ज्या ठिकाणी एका चुकीची कथा घरोघर सांगितली जाते, त्याच ठिकाणी चुकीला जागाच राहू नये अशी ही व्यवस्था असावी, हे मोठे अर्थपूर्ण वाटते.

दुसरे कारण पोटाचे. कालक्याहून सकाळी निघालेल्या गाडीला येथे पोहोचेपर्यंत न्याहारीची वेळ होते. पूर्वी वाफेच्या इंजिनालाही असाच विसावा लागे, कारण एवढा चढ चढून आल्यावर त्यालाही पाणी हवे असे. वाफेची इंजिने नित्याच्या कामातून गेली आणि त्यांच्या जागी डिझेलची आली. परंतु प्रवाशांची न्याहारी मात्र राहिली. गाडी थांबताच डबे रिकामे होतात. गरम कटलेट, पाव-लोणी आणि वाफाळलेला चहा यांच्याभोवती सारा फलाट गोळा होतो. बंगाली कुटुंब, पंजाबी आजोबा, दक्षिणेकडून आलेले नवदांपत्य आणि आपल्या मुलखातील सहलीची मंडळी एकाच बाकावर दाटीवाटीने बसतात. मुले बोगद्याच्या तोंडाशी जाऊन आत डोकावतात. बोगदा सरळ असल्यामुळे, आतला धूर-धुके विरले असेल तर, पलीकडच्या टोकाचा उजेड एखाद्या चांदणीएवढा दिसतो. कोणीतरी वडीलधारे बॅरोगची कथा सांगू लागतात. तेवढ्यात गार्डाची शिट्टी होते आणि सारे जण धावत आपापल्या डब्यांकडे परततात.

वारसा आणि जबाबदारी

२००४ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्राला साहजिकच अभिमान वाटला. त्यानंतर चारच वर्षांनी, २००८ साली, कालका-सिमला मार्गालाही तोच मान मिळाला. भारतातील डोंगरी रेल्वेमार्गांच्या वारशात दार्जिलिंगचा मार्ग १९९९ पासून आणि निलगिरीचा २००५ पासून होता. त्यांच्या पंक्तीला हा तिसरा येऊन बसला. एकीकडे घुमट, मनोरे आणि कोरीव काम यांनी नटलेले महानगरातील भव्य टर्मिनस, तर दुसरीकडे ओळीने मांडलेल्या चार खोल्यांचे बडोग. एका यादीत या दोघांनी यावे, हे पाहून प्रथम गंमत वाटते. परंतु वारसा म्हणजे केवळ भव्यता नव्हे. एखादे काम कोणत्या अडचणीत, किती निष्ठेने आणि किती नेमकेपणाने पार पाडले गेले, याची साक्ष जी वास्तू देते, ती लहान असली तरी जतन करण्याजोगीच असते.

हे जतन सोपे नाही. २०२३ च्या पावसाळ्यात हिमाचलातील डोंगर जागोजागी ढासळले. १४ ऑगस्ट रोजी सिमल्याजवळच्या समर हिल येथे दरड कोसळून एक मंदिर गाडले गेले आणि वीस जणांचे प्राण गेले. त्याच दरडीने रुळाखालचा भराव वाहून नेला आणि रूळ दोरीसारखे अधांतरी लोंबू लागले. तो मार्ग दुरुस्त होऊन सिमल्यापर्यंत गाड्या पुन्हा जाऊ लागल्या त्या ऑक्टोबर महिन्यात. मध्यंतरी कित्येक दिवस बडोगचा फलाट ओस पडला होता. तेथे चहाची किटली घेऊन उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने वारसा ही पुस्तकातील गोष्ट नाही. गाडी येणे आणि न येणे यांवर त्याची चूल अवलंबून असते. डोंगराचा उतार किती कापावा, पाण्याच्या वाटा कोठे मोकळ्या ठेवाव्यात, कोणत्या कड्याला हात लावू नये, हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जितके निकडीचे होते तितकेच आजही आहेत. भलकूचे कान आणि हॅरिंग्टनचे यंत्र या दोघांचीही गरज संपलेली नाही.

शेवटी, स्टेशनाच्या नावाविषयी. बोगदा तडीस नेणाऱ्याचे नाव त्याला द्यावयाचे, तर ते हॅरिंग्टनचे असावयास हवे होते. परंतु या जागेला नाव राहिले ते ज्याचा हिशेब चुकला त्याचे. लोकांच्या जिभेवर रुळून बॅरोगचे बडोग झाले, आणि आता ते त्या मातीतलेच वाटते. लोकांनी त्याच्या चुकीवर पांघरूण घातले नाही, ती ते आजही मोकळेपणाने सांगतात. परंतु त्याला टाकूनही दिले नाही. चुकलेल्या माणसाला एवढ्या मायेने सांभाळणारी जागा सहसा पाहावयास मिळत नाही. आपल्या मुलाबाळांना घेऊन कधी या मार्गाने जाण्याचा योग आला, तर न्याहारी आटोपल्यावर त्यांना त्या कमानीपाशी अवश्य न्यावे आणि ही कथा सांगावी. परीक्षेत एखादे गणित चुकले म्हणून खट्टू झालेल्या मुलाला तर ती जरूर सांगावी. जुना बोगदा सोडून द्यावा लागला, तरी एका किलोमीटरावर नवा खोदता आला आणि गाडी पुढे गेलीच, हेही त्याला सांगावयास विसरू नये.